खुर्चीतली धडधड

सोमवार, ३ मार्च

दवाखान्यातल्या नर्सने ही वही हातात दिली आणि म्हणाली, "तलफ आली की ओढू नका, लिहा." मी म्हटलं, "बाई, सहावीत शाळा सोडली मी. हे औषध म्हणून देतेस की शिक्षा म्हणून?" ती हसली. सगळे दात जागेवर होते, म्हणजे आमच्या खोऱ्यातली नव्हे.

तर लिहिते. सिगारेट सोडून महिना झाला. माझ्या छातीसाठी सोडली असं कोणाला वाटत असेल तर वाटू दे. सोडली ती रेलिनसाठी. रेलिन माझ्या लेकीची, डार्लाची पोर, अजून दोन वर्षांचीही नाही, जरा धूर लागला की छाती शिट्टी वाजवते. डार्ला नशेच्या गोळ्यांच्या पायी सुधारगृहात आहे. कोर्टाने पोर माझ्याकडे ठेवलीय, पण तात्पुरती. ३ एप्रिलला न्यायाधीश ठरवणार, कायमची माझी की परक्या घरची. अटी दोनच. घरात धूर नको. आणि अडुसष्टाव्या वर्षी मी पोर सांभाळायला धडधाकट आहे असं डॉक्टरचं पत्र हवं.

धूर नको म्हणून मिस्टीच्या दुकानातून वाफ ओढायचं यंत्र आणलं. बोटाएवढं आहे. आत पीचच्या वासाचं पाणी भरायचं, त्याला ते लोक ज्यूस म्हणतात. मिस्टी म्हणाली, "कडक दिलाय, मिस ओलीटा. दिवसाला दोन पाकिटं ओढणाऱ्या बाईला मिळमिळीत देऊन चालायचं नाही. हे यंत्र थोडं थोडंच देतं, म्हणून चालतं."

चालतंय खरं. सिगारेटसारखं नाही, पण कशासारखं तरी आहे.

गुरुवार, ६ मार्च

आज ओढलं तर तोंडात जळका बोळा घातल्यासारखं झालं. दुकानात गेले. मिस्टीने यंत्र उघडून आतली काडीएवढी वस्तू दाखवली. तिला कॉइल म्हणतात. तारेचं वेटोळं, भोवती कापूस. कापूस ज्यूस पितो, तार तापते, वाफ होते.

"नवी घातल्यावर थांबला होतात का?"

"कशाला थांबू? बसची वाट बघायचीय?"

"कापूस भिजायला नको? कोरडा तापला की जळणारच. कापसावर आधी थेंब सोडायचे, मग भरायचं, मग बीन्सचा डबा गरम व्हायला लागतो तेवढा वेळ हात लावायचा नाही."

एवढं नाटक सिगारेटला कधी लागलं नाही. काडी ओढली की झालं. पण घरी येऊन थांबले. चव बरी आली.

मंगळवार, ११ मार्च

रेलिनने यंत्र डेप्युटीच्या पाण्याच्या भांड्यात टाकलं. डेप्युटी म्हणजे आमचा कुत्रा, म्हातारा बीगल. येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांवर भुंकतो आणि कोणाला पकडत नाही, म्हणून माझ्या नवऱ्याने हे पोलिसाचं नाव ठेवलं होतं.

यंत्र गेलं. मिस्टीकडे तसलं दुसरं नाही, माल पुढच्या आठवड्यात येणार. पुढच्या आठवड्यापर्यंत मी माणसात राहीन याची मला खात्री नव्हती. दुपारपर्यंत डेप्युटीला, टपालवाल्याला आणि देवालाही बोलून झालं. शेजारचा होबर्ट कुंपणावरून ऐकत होता. जन्म खाणीत गेला त्याचा, आता दिवसभर खोकतो आणि दुसऱ्यांच्या घरात डोकावतो. संध्याकाळी तो एक पिशवी घेऊन आला.

"हे घे, माझ्या जावयाचं. त्याने सोडलं. तुझी जीभ बंद राहील तर मलाही झोप लागेल."

पिशवीत साबणाच्या वडीएवढी बॅटरी, वर स्क्रूने बसवायचा काचेचा जाड टँक, आणि कॉइलींचं पाकीट. या कॉइली अंगठ्याएवढ्या. मी सगळं धुतलं, कापूस भिजवला, मिस्टीची पीचची बाटली त्यात ओतली आणि शहाण्यासारखी थांबले. पहिला झुरका घेतला तर स्वयंपाकघर दिसेना.

होबर्ट दारातून म्हणाला, "मला वाटलं कोळशाची गाडी परत सुरू झाली."

तलफ मात्र अशी गेली की विचारू नये. मिस्टीला कशाला सांगायचं? दुसरीकडून घेतलं म्हणून तोंड वेंगाडेल.

रविवार, १६ मार्च

हे नर्सला दाखवायचं नाही.

तीन दिवस झाले, छातीत धडधडतं. खुर्चीत निवांत बसलेली असते आणि एकदम सुरू होतं. हात थरथरतात, कपाळाला गार घाम, तोंडाला पाणी सुटतं आणि पोटात ढवळतं. मग हळूहळू उतरतं. माझी बहीण रेवा अशीच खुर्चीत गेली. टीव्ही चालू होता, मांडीवर वाटाण्याचं भांडं, अर्धे सोललेले.

आज प्रार्थनेला गेले. पाद्री आज आवरतच नव्हता, पण इतका वेळ बसूनही एकदासुद्धा धडधड नाही. वाटलं, देवाच्या दारात तिची हिंमत होत नाही. बाहेर आले, होबर्टच्या ट्रकमध्ये बसून चार झुरके घेतले, तोच सुरू. म्हणजे देवळाच्या आत ठीक आणि बाहेर पाऊल टाकलं की मरण. आता मी तिथेच राहायला जाऊ का?

होबर्टने विचारलं, "पांढरी का पडलीस?"

"तू गाडी चालवतोस म्हणून," म्हटलं.

बुधवार, १९ मार्च

प्रुइटबाई येऊन गेली. कोर्टाची बाई. दर दोन आठवड्यांनी येते, कपाटं उघडते, रेलिनची नखं बघते, लिहून घेते. वाईट नाही. अंगाला कायम स्ट्रॉबेरी आणि पुदिन्याचा वास येतो, फार च्युइंगगम खाते वाटतं. मध्येच "फोन करून येते" म्हणून गाडीत जाऊन बसते आणि आली की आणखी वास.

ती यायच्या आधी मी घाबरले होते, म्हणून चांगले लांब झुरके घेऊन बसले. व्हायचं तेच झालं. कॉफी ओतताना कप बशीवर वाजायला लागला.

"मिसेस स्टिडम, हात का थरथरतायत?"

"थंडी."

"हीटर चालू आहे."

"म्हाताऱ्या माणसाची थंडी हीटरला विचारून येत नाही."

तिने काही लिहिलं. काय लिहिलं ते उलटं वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग म्हणाली, "डॉक्टरचं पत्र अजून आलं नाही. एकतीसला वेळ घेतलीय ना? चुकवू नका."

एकतीसला तो डॉक्टर छातीला नळी लावणार. ऐकणार. आणि त्याला ऐकू येणार.

शनिवार, २२ मार्च

टँक गळतोय. सकाळी उठावं तर खुर्चीजवळच्या टेबलावर चिकट ओल, बशी ठेवली तर बशीबाहेर. मिस्टीला फोन केला.

"गळतंय गं."

"खालचं रबरी कडं नीट बसलंय?"

"बसलंय."

"आडवं ठेवता का? आडवं ठेवायचं नाही. आणि हवेची भोकं बंद करून ठेवा."

"ज्यूस तुझाच आहे, पीचचा."

"मग ज्यूस बरोबर आहे. तुमच्या यंत्राला तोच लागतो. कॉइल बदलून बघा."

तिने यंत्र कोणतं ते विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

होबर्टच्या पाकिटात कॉइली दोन तऱ्हेच्या आहेत. त्यांच्यावर आकडा असतो. आत आहे ती ०.५ ची, दुसऱ्या ०.१५ च्या. मी विचार केला, हृदय नाजूक झालंय, आता सौम्य घ्यायला हवं. लहान आकड्याची बसवली. कापूस भिजवला, थांबले. आपण जीव सांभाळतोय असं बरेच दिवसांनी वाटलं.

मंगळवार, २५ मार्च

सौम्य कॉइल घालूनही हे असं. याचा अर्थ आता फार दिवस नाहीत.

काल संडासात भिंत धरून उभी राहिले. वाफ इतकी येते की पडदे ओले वाटतात, आणि धडधड इतकी की गळ्यात दिसते, आरशात बघितली. बाहेर रेलिन दार वाजवत होती, "मॅमॉ, मॅमॉ." आजीला ती मॅमॉ म्हणते. मी आत तोंडावर हात दाबून ओकत होते. मी इथे पडले तर ती दार वाजवतच राहील. वाजवून वाजवून दमेल आणि तिथेच झोपेल. तिला अजून कडीही उघडता येत नाही.

खुर्ची बदलून बघितली. नवऱ्याची खुर्ची ओढून खिडकीजवळ घेतली, टेबल सोबत. तिथेही तेच. म्हणजे खुर्चीचा दोष नाही.

रेलिनला नवा खेळ सापडलाय. चमच्याचं मागचं टोक तोंडात धरते, माझ्यासारखे डोळे बारीक करते आणि "फू" करते. आज डेप्युटीच्या तोंडावर फू केलं. मला हसू आलं. बरेच दिवसांनी.

एकतीसला डॉक्टरकडे आत जायच्या आधी भरपूर ओढून घेईन. मन शांत असलं की कदाचित ऐकू येणार नाही.

शनिवार, २९ मार्च

काल लिहिता आलं नाही. आज नीट लिहिते, कारण कोर्टात विचारलं तर मला एकसारखं सांगता आलं पाहिजे.

काल सकाळी नाश्त्याला मऊ बिस्किटपाव आणि मांसाची ग्रेव्ही केली. डेप्युटी हाका मारूनही येईना. तो ग्रेव्हीला येत नाही असं झालेलं नाही. बघितलं तर खिडकीजवळ, खुर्चीच्या पायाशी आडवा. तोंडातून लाळेच्या तारा, चारी पाय थरथरतायत. उठायला गेला आणि मागचे पाय पसरले. मग ओकला. मी बरगड्यांवर हात ठेवला.

ती धडधड मला ओळखीची होती. तशीच, तेवढीच. लाळ तशीच, थरथर तशीच. मला जे होतं ते कुत्र्याला कसं झालं? रेवा त्याची बहीण नव्हती.

वाटलं, घरात काहीतरी आहे. हीटरचा गॅस. मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, रेलिनला काखेत मारली, डेप्युटीला चादरीत गुंडाळला आणि अंगणातून होबर्टला हाक मारली. तो नाईटशर्टवरच ट्रक घेऊन आला. वाटेत वळणांवर रेलिन एकदा ओकली. होबर्ट म्हणाला, "हा रस्ता कोणालाही ओकवतो."

जनावरांची डॉक्टरीण तरुण आहे, बोलणं कमी. तिने डेप्युटीचं तोंड उघडलं, नाक जवळ नेलं आणि थांबली.

"पीच?"

मी पर्स घट्ट धरली.

"घरात कोणी व्हेप ओढतं का?"

मी पर्समधून टँक आणि बाटली काढून दिली. बाटलीवरचं बारीक अक्षर तिने वाचलं. "निकोटीन आहे यात, तेही जबरी. हे जमिनीवर सांडलं होतं?"

"थोडं. रोजच सांडतं. मी पुसते."

पुसते. संध्याकाळी. सकाळी कुठे पुसते?

ती डेप्युटीला उचलून आत निघाली. मी मागून विचारलं, "माणसाला काय होतं त्याने?"

"हेच. लाळ, थरथर, ओकारी, हृदय पळतं. थोडं गेलं असेल तर आपोआप उतरतं."

उतरतं. माझं रोज उतरत होतं.

मी बाकावर बसले. माझं हृदय बरं आहे हे त्या क्षणी मला कळलं, आणि आनंद व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढाही मिळाला नाही. कारण समोर होबर्टच्या मांडीवर रेलिन बसली होती आणि स्वेटरची बाही चोखत होती.

मी बाही ओढून काढली. चिकट. वास घेतला. तिची लाळही गळत होती, पण दात येतायत, लाळ रोजच गळते. झोपाळलेलीही होती, पण पहाटेच उठली होती. आणि ट्रकमध्ये ओकली होती. प्रत्येक गोष्टीला एक कारण होतं, आणि त्या सगळ्या कारणांखाली आणखी एक होतं.

होबर्टने माझं तोंड बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "बाहेर नळ आहे. हात धू, तोंड धू, स्वेटर फेकून दे. पोर ठीक दिसतेय. इस्पितळात गेलीस तर ते विचारणार, आणि विचारलं की प्रुइटबाईला फोन जाणार. गुरुवारी तुझं कोर्ट आहे, ओलीटा."

"ट्रक काढ."

"अगं, ऐक तर."

"काढ. नाहीतर किल्ली दे."

"तुला गिअर कुठे टाकता येतात?"

"मग तोंड मिटून तू टाक."

रस्ताभर मी तिला झोपू दिली नाही. चिमटे काढले, गाणी म्हटली, तिच्या आईच्या नावाने हाका मारल्या. तिच्या छातीवर माझा हात होता आणि माझाच हात इतका थरथरत होता की तिची धडधड किती आणि माझी किती ते कळेना. आयुष्यात मी खाणीच्या तोंडाशी उभी राहून नवऱ्याची वाट बघितली आहे. ती भीती याच्यापुढे काहीच नव्हती. तिथे मी कोणाला काही पाजलं नव्हतं.

इस्पितळात तिला धुतली, छातीला वायरी लावल्या आणि जेवणवेळेपर्यंत ठेवून घेतली. दुपारी ती वायरी उपटायला लागली, नर्सच्या अंगावर बिस्किटं फेकली आणि इतकी ओरडली की मला बरं वाटलं. पोटात गेलं असेल तर फारच थोडं, डॉक्टर म्हणाला. तेवढ्यात त्याचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. मलाही झोपवून वायरी लावल्या.

"तुमचं हृदय तुमच्या वयाला शोभेल असं आहे."

"म्हणजे वाईट?"

"म्हणजे ठीक. पोर सांभाळण्याइतकं ठीक. ते यंत्र मात्र तोंडाला लावू नका."

ज्या पत्रासाठी मी महिनाभर मेले ते त्याने उभ्याउभ्या लिहून दिलं.

प्रुइटबाई संध्याकाळी आली. स्ट्रॉबेरी, पुदिना. सगळं ऐकून म्हणाली, "हे मला अहवालात लिहावं लागेल, मिसेस स्टिडम."

"लिही."

डेप्युटीला एक रात्र ठेवून घेतलंय, पण उभा राहिला म्हणे. होबर्टने ट्रक घराकडे वळवला तेव्हा म्हणाला, "जन्मभर भुंकला, कधी कोणाला पकडलं नाही. आणि पकडलं ते तुला."

बरोबर होतं ते.

सोमवार, ३१ मार्च

टँक जॅमच्या बरणीत घालून, झाकण घट्ट लावून मिस्टीच्या टेबलावर ठेवला. तिने बरणीतून बघितलं आणि खुर्चीत बसलीच.

"मिस ओलीटा, यात तो ज्यूस भरलात?"

"तूच म्हणालीस ज्यूस बरोबर आहे."

"त्या बोटाएवढ्या यंत्राला. ते चिमणीसारखं पितं. हा घोड्यासारखा पितो, याला अगदी कमी कडक आणि दाट ज्यूस लागतो. आणि तुमचा ज्यूस पाण्यासारखा पातळ, म्हणून मोठ्या भोकांतून गळत होता." मग तिने कॉइलवरचा आकडा बघितला. "ही कोणी बसवली?"

"मीच. लहान आकडा, म्हणून सौम्य."

तिने बरणी दूर सारली. "आकडा जितका लहान, तितकी तार जास्त तापते. तितकी वाफ जास्त."

मी म्हटलं, "मग आकडा उलटा कोणी लिहिला?" तिचे डोळे भरले होते, ती म्हणत होती की मी विचारायला हवं होतं. मी तिला सांगितलं, मी सांगायला हवं होतं, आता रडून दुकान ओलं करू नकोस.

गुरुवार, ३ एप्रिल

न्यायाधीश चष्म्यावरून बघणारा माणूस. प्रुइटबाईचा अहवाल वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, हळू. माझ्या पोटात गोळा. या वेळी पीच नव्हतं, नुसती भीती होती. आता फरक कळतो.

"पोरीला इस्पितळात तुम्ही स्वतः आणलंत?"

"हो."

"आज इथे यायचं आहे हे माहीत असताना?"

"हो."

"का?"

काय सांगायचं ते मी शनिवारी वहीत लिहिताना ठरवून ठेवलं होतं, ते सगळं विसरले. म्हटलं, "तिची बाही चिकट होती."

त्याने अहवाल मिटला. मग म्हणाला, सहा महिने पोर तुमच्याकडे. प्रुइटबाई न सांगता केव्हाही येतील. असलं पाणी घराच्या उंबऱ्याच्या आत एक थेंब दिसला तर त्याच दिवशी पोर जाईल. ऑक्टोबरमध्ये पुन्हा बघू.

कायमची नाही. पण परक्या घरचीही नाही. बाहेर पायऱ्यांवर रेलिनने माझा कान ओढला आणि मी ओढू दिला.

मंगळवार, १५ एप्रिल

नर्सने तलफ मारायच्या, दंडाला लावायच्या पट्ट्या दिल्यात, त्यांतही थोडं निकोटीन असतं. पत्र्याच्या डब्यात घालून छताजवळच्या खिळ्याला टांगल्यात, स्टुलावर चढल्याशिवाय माझाही हात पोचत नाही. हात अजून थरथरतात, पण ही थरथर तलफेची आहे. काल डेप्युटीला नीट बस म्हणून ओरडले, तो झोपलेला होता.

डेप्युटी खिडकीजवळच्या त्या खुर्चीकडे फिरकत नाही. जमीन मी कडक लाय साबणाने तीनदा घासली, तरी लांबून वळसा घालून जातो. रेलिनने सकाळी चमचा तोंडात धरून "फू" केलं आणि हसण्यासाठी माझ्याकडे बघितलं. मी चमचा काढून घेतला. ती रडली. रडू दे.

दुपारी न सांगता प्रुइटबाई आली. दार उघडलं आणि तिच्याआधी वास आत आला. स्ट्रॉबेरी, पुदिना. इतके महिने मी तो च्युइंगगम समजत होते. या बाईला मी कधी काही चघळताना बघितलेलं नाही. गाडीतले ते फोनही फोन नव्हते.

डेप्युटी स्टोव्हमागून आला. तिच्यावर भुंकला नाही. तिच्या पर्सजवळ नाक नेलं, मागे सरकला आणि रेलिनच्या पुढ्यात आडवा झाला.

माझ्या छातीत धडधडायला लागलं. ही बाई एका कागदावर माझी पोर नेऊ शकते. तिला काही बोलायचं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. मी रेलिनच्या बाहीकडे बघितलं.

"प्रुइटबाई, पर्स बाहेर ठेव. ओसरीवर खुंट्या आहेत."

"का?"

"उंबऱ्याच्या आत एक थेंब नको म्हणालेत. माझा की तुझा असं म्हणाले नाहीत."

तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिच्या हातातलं पेन तसंच राहिलं. मला वाटलं, गेली पोर. मग तिने पर्स उचलली आणि बाहेर गेली. काचेतून बघितलं तर ती खालच्या खुंटीला लावत होती.

मी दार उघडून म्हटलं, "वरच्या. खालच्यापर्यंत डेप्युटी पोचतो."

तिने वरच्या खुंटीला लावली.